कुंभार्ली उतरताना ब्रेक मऊ पडले, माझं चुकतं का गाडीचं?

पत्र : नमस्कार काका, मी कराडला राहते, सासर चिपळूणजवळ. गाडी 2021 ची पेट्रोल हॅचबॅक, साध्या गिअरची, 38 हजार किमी झालेत. जूनमध्ये पहिल्यांदाच मी स्वतः कुंभार्ली घाट उतरवला, सोबत सासूबाई आणि दोन मुलं, पाऊस भुरभुरत होता. अर्ध्या घाटात जळल्यासारखा वास यायला लागला आणि मग ब्रेक मऊ मऊ लागायला लागला, दाबला की पेडल खूप खाली जायचं. कशीबशी घाटाच्या पायथ्याला पोफळीला पोचले तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. गॅरेजवाला म्हणाला पॅड चांगले आहेत, गाडीत काही नाही. मिस्टर म्हणतात तुला चालवता येत नाही, सारखा ब्रेक दाबतेस. दीर म्हणतात न्यूट्रल टाकून उतरवायची, पेट्रोलपण वाचतं. त्याच दिवशी एका वळणावर जोरात ब्रेक दाबला तर पेडल थरथरलं आणि कर्र असा आवाज आला, मी घाबरून पायच काढला. आता गणपतीला परत जायचंय आणि मला झोप लागत नाहीये. माझं चुकतं का गाडीचं? – एक सून, कराड

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी एक सांगतो, त्या दिवशी तुम्ही चौघंही सुखरूप खाली पोचलात याचा मला मनापासून आनंद झाला. पत्र वाचताना पोटात गोळा आला होता, कारण घाटाच्या पायथ्याला पंचवीस वर्षं गॅरेज चालवलंय मी आणि तुम्ही लिहिलेला तो वास मला झोपेतसुद्धा ओळखता येईल. पावसाळ्यात दर शनिवार-रविवारी तसल्या दोन-तीन गाड्या तरी दारात यायच्याच, माणसं उतरायची, चेहरे पांढरेफटक, आणि प्रत्येकाचा प्रश्न तुमचाच, गाडी खराब आहे का मला येत नाही.

तर गाडी खराब नाही (एक गोष्ट सोडून, ती पुढे सांगतो). आणि तुम्हाला चालवता येत नाही असंही नाही. तुम्हाला घाट उतरायला कुणी शिकवलंच नाही. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये सपाट रस्त्यावर आठचा आकडा काढायला लावतात आणि लायसन हातात देतात, उताराबद्दल अवाक्षर नाही. मिस्टरांना पण कदाचित कुणी शिकवलं नसेल, फक्त अजून त्यांच्या गाडीतून धूर निघाला नाही एवढंच. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

आता झालं काय ते समजून घ्या, म्हणजे बाकीचं आपोआप पटेल. ब्रेक दाबला की पॅड, म्हणजे घासणाऱ्या पट्ट्या, डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला घासतात आणि गाडीच्या वेगाची उष्णता होते, ती डिस्कमधून हवेत जाते. सपाट रस्त्यावर तुम्ही एकदा दाबता, थांबता, मग बराच वेळ ब्रेक गार होतो. घाटात तसं नाही. चार माणसं आणि सामान धरून 1300 किलोची गाडी समजा 500 मीटर उंची उतरली, तर त्या उतरण्यात जेवढी शक्ती सुटते तेवढ्यात जवळपास 20 लिटर पाणी उकळेल, म्हणजे एक मोठा हंडा भरून. थोडी वाऱ्यात आणि टायरमध्ये जाते, पण उरलेली सगळी कुठेतरी जिरवायलाच लागते. तुम्ही तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ती सगळी आग त्या दोन-चार तळहाताएवढ्या पॅडवर. मग पॅड इतके तापतात की त्यांची पकडच कमी होते, तुम्ही अजून जोरात दाबता, ते अजून तापतात. वास येतो तो त्याचा.

आणि पेडल मऊ का पडलं, तर ते ब्रेक ऑइलमुळे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, हळूहळू, बाटली बंद असली तरी नळ्यांमधून वगैरे, आणि आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तर विचारायलाच नको. नवीन डॉट 3 ऑइल (डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे प्रकार) साधारण 205 अंशाला उकळतं आणि ओलावा धरलेलं 140 च्या आसपास, डॉट 4 असेल तर नवीन 230 आणि ओलं झालेलं 155. म्हणजे जुनं ऑइल खूप लवकर उकळतं. उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऑइल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, मग तुमच्या पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही, बुडबुडे दाबण्यातच संपतो. म्हणून पेडल खाली खाली जातं. खाली पोचल्यावर अर्धा-एक तास गेला, सगळं गार झालं, वाफेचं परत पाणी झालं, पेडल पहिल्यासारखं कडक. गॅरेजवाल्याला काही सापडलं नाही ते यामुळे. त्याने पॅड बघितले, ऑइल नाही बघितलं.

मघाशी म्हटलेली एक गोष्ट ती हीच. 2021 ची गाडी आहे आणि ब्रेक ऑइल कधी बदलल्याचं तुम्ही लिहिलं नाहीत, म्हणजे बहुतेक बदललंच नाहीये. दर दोन वर्षांनी बदलायचं, गाडी किती फिरली याच्याशी त्याचा संबंध नाही, घरी उभी असली तरी ते ओलावा खातच असतं. खर्च फार नाही, पॅडपेक्षा कमीच. गणपतीच्या आधी नक्की बदलून घ्या आणि गॅरेजवाल्याला सांगा की नुसतं वरून टाकू नको, चारही चाकांचं जुनं काढून एअर काढून दे. एकदा उकळलेलं ऑइल मी तरी गाडीत ठेवणार नाही. आणि पॅड एकदा बाहेर काढून बघायला सांगा, जाडी शिल्लक असली तरी वरचा थर काचेसारखा चकचकीत झाला असेल तर घासून किंवा बदलून घ्यायला लागेल.

आता मुख्य मुद्दा, गिअर.

जुने एसटीवाले आणि ट्रकवाले एक सांगायचे, ज्या गिअरवर घाट चढतोस त्याच गिअरवर उतर. अजूनही खरं आहे, पण आताच्या छोट्या पेट्रोल गाड्या तिसऱ्यावर आरामात चढतात आणि उतरताना तिसरा त्यांना धरत नाही, गाडी पळायला लागते. तेव्हा तुमच्या गाडीला कुंभार्लीला दुसरा गिअर, आणि पार उलट्या वळणाच्या, मुंगीसारखं वळायला लागतं अशा जागी पहिलासुद्धा. खूण सोपी आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, ब्रेकलाही हात… म्हणजे पाय लावला नाही, आणि गाडीचा वेग तेवढाच राहिला किंवा अगदी हळू वाढला, तर गिअर बरोबर. वेग भराभर वाढतोय तर अजून एक गिअर खाली पाहिजे. इंजिन ओरडतं म्हणून बरेच जण घाबरतात, विशेषतः नवीन चालवणारे, त्यांना वाटतं काहीतरी तुटेल. मीटरवर काटा तीन-साडेतीन हजारावर असला तर काहीच होत नाही, लाल पट्ट्यापासून लांब आहे तोवर ओरडू दे खुशाल. त्या आवाजाचा अर्थच असा की जी आग पॅडवर जायची ती आता इंजिन सोसतंय, आणि त्याला गार ठेवायला रेडिएटर आहे, पंखा आहे.

आणि हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा. हे फार महत्त्वाचं आहे ताई. माणसं चौथ्यावर घाटात घुसतात, गाडी पळायला लागली की ब्रेक, आणि वास आला की मग गिअर आठवतो. तेव्हा साठच्या वेगात एकदम दुसरा टाकला तर गाडीला झटका बसतो, आणि ओल्या रस्त्यावर त्या झटक्याने पुढची चाकं क्षणभर घसरू शकतात. उशीर झालाच तर आधी ब्रेकने वेग कमी करा, मग एकेक गिअर खाली, आणि क्लच हळू सोडा, ओल्यात तर अगदी लोणी लावल्यासारखा.

ब्रेक मग वापरायचाच नाही का, तर वापरायचा. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर ठामपणे दाबायचा, वेग 35 वरून 20-25 वर आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. सारखा अर्धवट पाय टेकवून ठेवायचा नाही. पण एक गैरसमज काढतो, बरेच जण सांगतात की नुसतं दाब-सोड दाब-सोड केलं की ब्रेक तापत नाही. वरचा गिअर असेल तर दाब-सोड करूनही आग तेवढीच तयार होते, ती कुठे जाणार? दाब-सोडचा उपयोग खालच्या गिअरसोबतच आहे.

दिरांच्या न्यूट्रलबद्दल मात्र मला जरा कडक बोलायचंय. न्यूट्रल टाकलं की इंजिन चाकांपासून सुटलं, गाडीला धरणारं आता फक्त ब्रेक. आणि पेट्रोल वाचत नाही, उलट आहे. आताच्या इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की गाडी इंजिनला पेट्रोल देणंच बंद करते, चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतं. म्हणजे दीर पेट्रोल वाचवायला जाऊन जास्त जाळतायत वर जीव धोक्यात. काही जण तर इंजिनच बंद करतात. ब्रेकला जोर देणारा बूस्टर इंजिनच्या ओढीवर चालतो, इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबण्यापुरता जोर उरतो, नंतर पेडल दगडासारखं, स्टेअरिंगपण जड, आणि चावी पूर्ण फिरवून काढली तर स्टेअरिंग लॉक होईल ते वेगळंच. पुण्यात नवले पुलाचा उतार सगळ्यांना माहीत आहे, कात्रजच्या नवीन बोगद्यापासून खाली येणारा. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एका जड वाहनाने एका झटक्यात कितीतरी गाड्यांना ठोकलं होतं. तो उतार काही कुंभार्लीसारखा वळणावळणाचा नाही, सरळच आहे, आणि तरीही जड वाहनं तिथे न्यूट्रलवर सोडू नका म्हणून पोलीस वर्षानुवर्षं सांगतायत. दिरांना म्हणावं, घरच्या माणसांना घेऊन जाताना हे धाडस नको.

तुमच्या बहिणीची वगैरे ऑटोमॅटिक असेल आणि तीही येत असेल तर तिला सांगा, डी वर टाकून उतरायचं नाही. एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअरचं काम गाडी स्वतः करते) असेल तर दांडा एम कडे नेऊन वजा करत दुसऱ्यावर आणायची, सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेली, पट्ट्यावर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर एल किंवा एस. इलेक्ट्रिक गाडीला रीजेन, म्हणजे ॲक्सिलरेटर सोडला की गाडी धरून ठेवत बॅटरी भरणारी सोय, जास्तीत जास्त लावायचं, फक्त बॅटरी शंभर टक्के भरून घाटमाथ्यावर पोचलात तर रीजेन जवळजवळ काम करत नाही, कारण वीज ठेवायला जागाच नसते.

आता ते थरथरणारं पेडल. ताई, ती गाडी तुम्हाला वाचवत होती. ते एबीएस. एप्रिल 2019 पासून आपल्याकडे प्रत्येक नवीन कारला ते सक्तीचं आहे, तुमच्या गाडीत आहेच. ओल्या रस्त्यावर जोरात दाबल्यावर चाक जाम होऊन घसरायला लागलं की एबीएस सेकंदाला कितीतरी वेळा ब्रेक सोडतं आणि परत धरतं, म्हणून पायाखाली धडधड आणि कर्र आवाज. तेव्हा पाय काढायचा नाही, अजून घट्ट दाबून ठेवायचा आणि गाडी जिकडे न्यायची तिकडे बघून स्टेअरिंग फिरवायचं. पूर्वीच्या गाड्यांना आम्ही पंप करायला सांगायचो, तुमच्या गाडीला पंप करायचा नाही, ते काम ती स्वतः करते. हा आवाज पहिल्यांदा घाटात ऐकायला मिळणं हेच वाईट आहे, म्हणून माझं ऐका, या रविवारी पावसात एखाद्या मोकळ्या मैदानावर किंवा रिकाम्या रस्त्यावर जा, मागे-पुढे कुणी नाही बघून 30 च्या वेगात एकदम पूर्ण ब्रेक दाबा. चार-पाच वेळा करा, पाय काढायची सवय मोडते. मुलांना घरी ठेवून जा.

पण एबीएस रस्त्याची पकड वाढवत नाही. पकड असते ती टायर आणि रस्त्याची. जरा हिशोब बघा. ताशी 40 म्हणजे सेकंदाला 11 मीटर, तुम्हाला काहीतरी दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो, ते 11 मीटर गेलेच. पुढे कोरड्या सपाट रस्त्यावर अजून 9-10 मीटरमध्ये थांबाल. ओला रस्ता आणि वर घाटाचा उतार, तर तेच 20 च्या आसपास जातं. म्हणजे एकूण 20 चे 30 मीटर झाले. वेग 60 असेल तर हाच आकडा ओल्या उतारावर 60 मीटरच्या पुढे, आणि कुंभार्लीत 60 मीटर सरळ दिसणारा रस्ता किती ठिकाणी आहे सांगा. पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं ते यासाठी, मधे कुणी घुसला तर घुसू दे, परत मागे राहा.

घसरतं कुठे तेही सांगून ठेवतो, कारण सगळा ओला रस्ता सारखा नसतो. जूनचा पहिला पाऊस सगळ्यात वाईट, आठ महिन्यांचं ऑइल, धूळ आणि टायरचं रबर वर येतं, साबण लावल्यासारखं होतं, तुम्ही नेमक्या त्याच दिवसांत गेलात. गणपतीपर्यंत ते धुऊन गेलेलं असतं पण तेव्हा शेवाळ असतं, डोंगराच्या बाजूला जिथे झरे रस्त्यावर येतात तिथे हिरवट काळपट पट्टा दिसतो, त्यावर ब्रेक नको, आधीच वेग कमी करून चाकं शांतपणे जाऊ द्यायची. कोयनानगर-नवजाच्या पट्ट्यात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, तेव्हा घाट सुरू होईपर्यंत रस्ता कोरडा असला तरी पुढे काय असेल सांगता येत नाही. खाली कोकणात उतरलात की साईडपट्टीचा जांभ्याचा लाल चिखल, समोरच्याला जागा द्यायला एक बाजूची चाकं त्यात घातली आणि तेव्हाच ब्रेक मारला की गाडी फिरते. वळणांवर ट्रकच्या टाकीतून सांडलेलं डिझेल, इंद्रधनुष्यासारखे रंग दिसतात. आणि खडी, खडीवर एबीएसपण लवकर थांबवत नाही. या सगळ्याला उपाय एकच, वळणाच्या आत ब्रेक नाही. वळायच्या आधी वेग कमी, वळताना पाय हलका. वळणातच पुढची चाकं सरळ निघाली तर स्टेअरिंग अजून पिळू नका, ॲक्सिलरेटर सोडा, स्टेअरिंग थोडं सैल करा, चाक परत पकडतं.

टायर बघा. खाचांमध्ये मधे मधे रबराचे छोटे उंचवटे असतात, 1.6 मिलिमीटरचे, टायर झिजून तिथपर्यंत आला तर कायद्यानेच बाद. मी तर पावसाळ्यात घाटात जाणाऱ्याला 3 मिलिमीटरच्या खाली जाऊ नका सांगतो. गोटा झालेला टायर पाणी बाजूला काढू शकत नाही, पाण्यावर तरंगतो, मग तुमचे ब्रेक कितीही भारी असले तरी उपयोग काय.

आता देव करो आणि वेळ न येवो, पण परत वास आला किंवा पेडल मऊ लागलं तर. वास आला की थांबायचं, पोफळीपर्यंत ओढायचं नाही. गिअर अजून खाली आणा, रुंद जागा बघा, वळणावर नाही आणि दरड कोसळलेल्या जागेखालीही नाही, गाडी डोंगराच्या बाजूला घ्या, हॅझर्ड लावा. तोंड उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद, चाकं डोंगराकडे वळवलेली, आणि चाकाच्या पुढे मोठा दगड. हँडब्रेकच्या एकट्याच्या भरवशावर तापलेली गाडी सोडू नका. अर्धा तास थांबा. आणि तापलेल्या चाकांवर पाणी मारू नका, कितीही इच्छा झाली तरी. माझ्याकडे एकाने धबधब्याखालची बादली आणून डिस्कवर ओतलेली गाडी आली होती, डिस्क वाकडी झाली होती, ब्रेक दाबला की स्टेअरिंग हातात नाचायचं. निघताना उभ्या गाडीत पेडल दाबून बघा, कडक लागलं तरच निघा, पहिल्यावर, हळू. आणि तो दगड आठवणीने रस्त्यावरून बाजूला टाका, मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याचा जीव जातो त्याने.

चालत्या गाडीत पेडल तळाला गेलंच तर पंप करा भराभर, इथे मात्र पंप करायचा, कारण थोडा दाब परत मिळू शकतो. एकेक गिअर खाली. हँडब्रेकचं बटण दाबून धरून हळूहळू ओढा, एकदम खेचलात तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होईल. इंजिन बंद करू नका. हॉर्न आणि लाईट चालू. आणि काहीच जमलं नाही तर गाडी डोंगराच्या अंगाला, दरीच्या नाही, चर असेल तर दोन चाकं चरात घाला. बरीच वर्षं झाली, एक जीपवाला अशीच न्यूट्रलवर भरलेली जीप घेऊन येत होता, पेडल गेलं, त्याने डाव्या हाताच्या चरात घातली. पत्रा सोलून निघाला, आतल्या कुणालाच खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. ती जीप ओढून आणायला मी गेलो होतो, चरात बसलेली बायामाणसं रडत होती आणि सगळी जिवंत होती.

तर गणपतीला जा ताई, बिनधास्त नको पण निर्धास्त जा. उजेडात निघा. सामान टपावर चढवू नका, वजन वाढलं की आग वाढते. चढणाऱ्या गाडीला पहिला हक्क असतो, अरुंद जागी तुम्ही उतरताय तर तुम्ही थांबायचं. घाटमाथ्यावर चहाला थांबा, मुलांना काय ते खाऊ-पिऊ द्या, आणि तिथून निघतानाच दुसरा टाका, मागचा हॉर्न वाजवत बसला तर वाजवू दे, रुंद जागा आली की त्याला पुढे सोडा. पोफळीला उतरलात की गाडी बाजूला घ्या आणि पुढच्या चाकांजवळ नुसता हात न्या, लावू नका. नुसतं कोमट लागलं तर घाट नीट उतरलात. दोन्हीकडे सारखी गरमी असेल पण जास्त असेल तर येताना-जाताना गिअर अजून लवकर खाली घ्या. आणि एकच बाजू भट्टीसारखी तापली असेल तर तुमचा दोष नाही, त्या चाकाचा कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, अडकतोय, तो चिपळूणलाच उघडून घ्या, तसंच परत येऊ नका, आणि काय निघालं ते मला कळवा.